डिस्पॅचचे नियम मराठीतच, पण ठरलेल्या साच्यात लिहायचेत. कोणी केलंय का?

चाकण_प्लॅनिंग

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेताना वाचा पण वाचा.

मी चाकण एमआयडीसीजवळच्या एका वेअरहाऊसला ट्रान्सपोर्ट प्लॅनिंग बघतो. माल ऑटो पार्ट्सचा, रोजच्या चाळीसेक गाड्या, छोटा हत्तीपासून ३२ फुटी कंटेनरपर्यंत सगळं, आणि भोसरी, तळेगाव, शिक्रापूर, रांजणगाव अशी मिल्क रन, म्हणजे एकच गाडी चार-पाच सप्लायरकडून थोडा थोडा माल उचलत प्लांटला पोचते. कुठल्या ड्रॉपला, म्हणजे माल उतरवायच्या ठिकाणाला, कुठली गाडी, कोण ड्रायव्हर, कोणाच्या आधी कोण, हे आजवर आमचे एक सीनियर काका ठरवत आले. ते डिसेंबरात रिटायर होतायत. कंपनीने रूट प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घेतलंय आणि डेव्हलपर म्हणतो मला नियम लिहून द्या, बाकी मी बघतो.

म्हणून मी पंधरा दिवस काकांशेजारी खुर्ची टाकून बसलो, ते जे जे बोलले ते वहीत उतरवलं. ११४ वाक्यं झाली. तशीच टाईप करून दिली, डेव्हलपर मराठीच आहे, त्याने वाचून कोड केला, आणि पहिल्या महिन्यात जे झालं त्याने माझी झोप उडाली.

वाक्य होतं, "दर आठ दिवसांनी बिन आणायला १७ फुटी पाठवायची." बिन म्हणजे पार्ट भरायचे रिकामे डबे. काकांच्या डोक्यात आणि माझ्याही डोक्यात आठ दिवस म्हणजे आठवडा, सोमवार ते सोमवार. त्याने कोडमध्ये ८ टाकले. पहिली गाडी सोमवारी गेली, दुसरी पुढच्या मंगळवारी, तिसरी बुधवारी, आणि त्या सप्लायरकडे बिनसाठी गेट उघडतं सोमवारीच, त्यामुळे दोन गाड्या हात हलवत परत आल्या आणि इकडे माल भरायला बिन नाहीत म्हणून लोडिंग थांबलं. आता यात चूक कोणाची म्हणायची? मराठीत आठ दिवस म्हणजे आठवडा आणि पंधरा दिवस म्हणजे दोन आठवडे हे शाळेतल्या पोरालाही माहिती आहे, पण त्याने जे लिहिलंय तेच वाचलं ना.

दुसरं वाक्य, "रांजणगाव आणि शिक्रापूरचे मोठे ड्रॉप सकाळच्या गाडीला." मोठे फक्त शिक्रापूरचे की दोन्हीकडचे? मला विचाराल तर दोन्हीकडचे, काकांना विचारलं तर म्हणाले रांजणगावचे सगळेच सकाळी, शिक्रापूरचे तेवढे मोठे. म्हणजे लिहिताना मीच चुकीचं समजलो होतो.

तिसरं, "जवळच्या ट्रिपला शक्यतो हेल्पर नको." हे त्याने सक्तीचं धरलं, मग एक दिवस सॉफ्टवेअरने सरळ सांगितलं प्लॅन निघत नाही.

शोधता शोधता कंट्रोल्ड नॅचरल लँग्वेज हा प्रकार सापडला. म्हणजे भाषा आपली रोजचीच, पण शब्द ठरलेले, वाक्याचे साचे ठरलेले, आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ एकच, माणसालाही वाचता येईल आणि मशीनलाही. मला हेच हवंय. विचारायचं हे की, एक, हे मराठीत करावं का इंग्रजीत? जे सापडतंय ते सगळं इंग्रजीतलं. दोन, सुरुवात कुठून करू? तीन, काका कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पण लिहिलेलं बरोबर आहे का हे त्यांच्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, मग त्यांच्याकडून तपासून कसं घ्यायचं?

रूल_इंजिन_बाणेर

११४ वाक्यं वहीत उतरवलीत, अर्धं काम तिथंच झालंय, बहुतेक ठिकाणी लोक वहीपर्यंतही पोचत नाहीत आणि डायरेक्ट कोडला हात घालतात.

मी सात-आठ वर्षं रूल इंजिनवर, म्हणजे लिहून दिलेले नियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करतोय, त्यातली दोन लॉजिस्टिक्समध्ये. तुम्ही म्हणताय ती कल्पना जुनी आहे. १९३० मध्ये ऑग्डेन यांनी ८५० शब्दांचं बेसिक इंग्लिश काढलं. विमानांच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश आहे, त्यात शब्द मोजके आणि एका शब्दाचा एकच अर्थ, म्हणजे कुठल्याही देशातला मेकॅनिक वाचेल तर तोच नट तेवढाच आवळेल. पण ही दोन्ही माणसांनी वाचायची. मशीनने वाचायची म्हणाल तर झुरिक विद्यापीठाचं अटेम्प्टो, १९९५ पासूनचं. त्यात इंग्रजी वाक्य लिहायचं, ते थेट लॉजिकमध्ये जातं. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर ते तुम्हाला विचारत बसत नाही, ठरलेल्या नियमाने एकच अर्थ घेतं, आणि मग "मी हे असं समजलो" म्हणून तेच वाक्य खुलं करून परत दाखवतं. पटलं नाही तर तुम्ही वाक्य बदलायचं. तुमच्या काकांचा प्रश्न इथंच सुटतो. त्यांना कोड दाखवू नका, साचाही शिकवू नका, मशीनने उलट लिहून दिलेलं वाक्य कागदावर छापून वाचून दाखवा, ते हो किंवा नाही म्हणतील.

मराठी की इंग्रजी? मराठीच. तपासणारा माणूस ज्या भाषेत विचार करतो तीच भाषा. इंग्रजीत लिहिलंत तर चूक पकडू शकणारा एकमेव माणूस तुम्ही खोलीच्या बाहेर बसवलात.

सुरुवात साच्यांपासून करू नका, शब्दांपासून करा. वहीत "गाडी" हा शब्द किती अर्थांनी आलाय ते बघा. "एका गाडीला तीनच ड्रॉप" यात गाडी म्हणजे एमएच १४ नंबरची ती वस्तू, का एक फेरी? वस्तू असेल तर दिवसभरात तीन ड्रॉप, फेरी असेल तर दिवसात नऊ पण होतील. "सकाळची गाडी" म्हणजे फेरी, "१७ फुटी गाडी" म्हणजे वाहन, "गाडी लागली" म्हणजे डॉकला, माल चढवा-उतरवायच्या फलाटाला, उभी राहिली. मी पैजेवर सांगतो तुमच्या निम्म्या चुका या एका शब्दात असणार. वाहन, फेरी, ड्रॉप, असे वेगळे शब्द ठरवा आणि साच्यातून गाडी हा शब्दच काढून टाका, बोलताना बोला हवं तेवढं. "खाली" पण काढा. गाडी खाली करा म्हणजे माल उतरवा, गाडी खाली आली म्हणजे रिकामी आली, आणि माल खाली ठेवा म्हणजे जमिनीवर.

मग नियमाची सक्ती किती ते. २००८ मध्ये ओएमजी या संस्थेने एसबीव्हीआर नावाचं स्टँडर्ड काढलं, बिझनेसचे शब्द आणि नियम कसे लिहायचे त्याचं. त्यात एक फरक केलाय तो मला फार कामाचा वाटतो, एक नियम असा की जो मोडताच येत नाही कारण ती व्याख्याच आहे, आणि दुसरा असा की जो मोडता येतो पण मोडायचा नाही. आपल्याकडे हे क्रियापदातच आहे बघा. "फेरीला एकच वाहन असतं" ही व्याख्या. "फेरीला हेल्पर असावा" हा नियम. आणि त्याच्याखाली "शक्यतो". रूटिंगचे सॉल्व्हर, म्हणजे नियम घेऊन प्लॅन काढून देणारे प्रोग्राम, ऑप्टाप्लॅनर घ्या किंवा त्यातून २०२३ मध्ये निघालेलं टाइमफोल्ड घ्या, हार्ड आणि सॉफ्ट असे दोन प्रकारचे कन्स्ट्रेंट, म्हणजे अटी, वेगळे मोजतात. हार्ड मोडला तर प्लॅन बाद, सॉफ्ट मोडला तर मार्क कापले जातात. तुमचा "शक्यतो" सॉफ्टमध्ये जायला हवा होता, तो हार्डमध्ये गेला म्हणून प्लॅन निघेना. आणि नुसतं शक्यतो लिहून भागत नाही, किती शक्यतो, हे पण विचारून घ्या. हेल्पर वाचवायला वीस किलोमीटर जास्त चालतील का? पन्नास चालतील का? काका आकडा सांगतात, फक्त कोणी विचारत नाही.

पार्सरची, म्हणजे वाक्य फोडून मशीनला समजावणाऱ्या प्रोग्रामची, भीती बाळगू नका. सगळी मराठी समजून घ्यायची नाहीये, बारा-पंधरा साचे समजून घ्यायचेत. ड्रूल्स नावाच्या रूल इंजिनमध्ये डीएसएलची, म्हणजे आपल्या कामापुरती छोटी भाषा बनवायची, सोय आहे, आपलं वाक्य डावीकडे, त्याचा कोड उजवीकडे, असं मॅपिंग. विभक्तीचा त्रास होईल, ट्रकला लिहायचं का ट्रकाला, त्यासाठी व्याकरण प्रोग्राम करत बसू नका, प्रत्येक नामाची रूपं टेबलमध्ये हाताने भरा, साठ नामं असतील तर एका दुपारचं काम.

तिसरी_पाळी

मी रांजणगाव साईडला नाईट डिस्पॅच बघतो अकरा वर्षं. वरचं सगळं वाचलं, चांगलं आहे, पण एक सांगतो जे ऑफिसात दिवसा बसून कधीच कळणार नाही.

आमच्याकडे पण असंच नियम लिहून घ्यायला एक जण आला होता, मी सांगितलं सोमवारी रात्री २ ला कंटेनर डॉकला पाहिजे, प्लांटची लाईन पहाटे सुरू होते. त्याने सोमवार, ०२:०० टाकलं. आता तुम्हीच सांगा सोमवारी रात्री दोन म्हणजे कधी? माझी पाळी सोमवारी रात्री सुरू होते, त्या पाळीतले दोन. घड्याळाच्या हिशोबाने तो मंगळवार. गाडी चोवीस तास आधी येऊन उभी राहिली, ड्रायव्हर बिचारा गेटबाहेर, रविवारी रात्रीचं जेवायला पण काही उघडं नाही, आणि आतून कोणी घेईना कारण सोमवारच्या पाळीचा माल. मला फोन आला तेव्हा मी घरी होतो, तसाच निघालो. ड्रायव्हर माझ्यावर चिडला नाही, नुसतं म्हणाला साहेब मला काय, कागदावर जे लिहिलंय तेव्हा आलो. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हा दिवस कुठून कुठपर्यंत हे पहिलं लिहा. आमच्याकडे मग असं ठरलं की वार लिहायचाच नाही, "सोमवारची तिसरी पाळी" लिहायचं आणि त्यापुढे तारीख आणि २४ तासांचं घड्याळ. "परवा" पण नको, परवा झाला आणि परवा येईन दोन्ही परवाच.

आणि "दिवस" प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो हे पण. माल नेताना लागणारं जीएसटीचं इ-वे बिल बघा, २०२१ च्या जानेवारीपासून साध्या मालाला २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, पण तो दिवस २४ तासांचा नाही, बिल काढल्याच्या दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत धरतात. म्हणजे सकाळी ९ ला काढलेल्याला जास्त वेळ मिळतो आणि रात्री ११ ला काढलेल्याला कमी. सॉफ्टवेअरवाल्याला नुसतं एक दिवस सांगितलं तर तो २४ तास मोजणार.

शेवटचं, राग मानू नका. काकांनी सांगितलेल्या ११४ वाक्यांच्या बाहेर पण काका आहेत. अमुक ड्रायव्हरच्या घरी आजारपण आहे म्हणून त्याला आठवडाभर लांबची ट्रिप नको, हे ते बघून करतात, ते वहीत नसणार. त्याला पण जागा ठेवा, नाहीतर पोरांचे हाल होतील.

कोथरूडची_वाचक

माझा लॉजिस्टिक्सशी संबंध नाही, मी संस्कृत आणि भाषाशास्त्र शिकवायचे, मुलाने धागा पाठवला म्हणून आले. पण इतका सुंदर प्रश्न बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता म्हणून लिहितेय.

तुम्ही म्हणता सगळं इंग्रजीतलं सापडतं. मला वाटतं या कामाला मराठी इंग्रजीपेक्षा काही बाबतीत सरस आहे. तीन गोष्टी सांगते.

"च" बघा. "चाकणलाच फेरी जाईल", "चाकणला फेरीच जाईल", "चाकणला फेरी जाईलच". तीन वेगळे नियम आहेत हे. पहिल्यात दुसरीकडे जायचं नाही, दुसऱ्यात दुसरं काही पाठवायचं नाही, तिसऱ्यात न जाण्याची मुभा नाही. इंग्रजीत ओन्ली हा शब्द वाक्यात कुठेही तरंगतो आणि मग कशाबद्दल बोललात यावर वाद होतात, आपला च ज्याला चिकटतो त्याच्याचबद्दल बोलतो. तुमच्या साच्यात सक्तीसाठी क्रियापदाला च आणि "फक्त" या अर्थासाठी नामाला च, एवढं ठरवलंत तरी पुष्कळ.

दुसरं, "तीन ड्रायव्हरना दोन फेऱ्या द्या". एकूण दोन का प्रत्येकी दोन? इंग्रजीत यासाठी ईच शोधून घालावा लागतो. आपण "दोन-दोन फेऱ्या" म्हणतो आणि प्रश्न मिटतो. "एकेका डॉकला एकेक वाहन". द्विरुक्ती म्हणजे प्रत्येकी, असा नियमच करून टाका, कोणाला शिकवावा लागणार नाही.

तिसरं, "ज्या… त्या". "ज्या वाहनाची लांबी १७ फुटांपेक्षा जास्त, त्या वाहनाला अरुंद गेटचा ड्रॉप देऊ नये." बीजगणितात क्ष मानतात तसंच आहे हे, ज्या म्हणून धरलं आणि त्या म्हणून परत आणलं. तो, ती, ते अशी सर्वनामं मात्र वापरू नका, त्या-त्या ठिकाणी नाम पुन्हा लिहा. कानाला जड वाटेल, वाटू दे.

आता एक जे कोणी अजून विचारलं नाही. ११४ नियम आहेत, त्यातले दोन एकाच वेळी लागू झाले आणि एकमेकांविरुद्ध गेले तर? हा प्रश्न पाणिनीला सुमारे चार हजार सूत्रांत सोडवावा लागला. सामान्य नियम तो उत्सर्ग, विशेष नियम तो अपवाद, आणि अपवाद उत्सर्गाला बाजूला सारतो. सारख्या बळाचे दोन भिडले तर त्यासाठी वेगळं सूत्र, "विप्रतिषेधे परं कार्यम्". परंपरेने त्याचा अर्थ नंतरचं सूत्र लावावं असा घेतला, त्यावर आजही वाद चालतात. पुढे व्याकरणकार नागेश भट्टांच्या परिभाषेन्दुशेखर या ग्रंथात नियमांच्या बळाची पूर्ण उतरंड मांडलेली सापडते, तीत सगळ्यात बलवान अपवाद. आपल्या पुण्याचा अभिमान वाटावा असं म्हणजे या ग्रंथाचं संपादन आणि इंग्रजी भाषांतर जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी डेक्कन कॉलेजात शिकवत असतानाच केलं, एकोणिसाव्या शतकात. सांगायचं एवढंच की नियम लिहिताना नियमांवरचे नियम पण वेगळे लिहावे लागतात. तुमच्या वहीत ते आहेत का?

चाकण_प्लॅनिंग

सगळ्यांचे मनापासून आभार, तीन आठवडे लागले उत्तर द्यायला कारण खरंच करून बघितलं.

ताई, तुमचा प्रश्न काकांना तसाच विचारला. म्हटलं दोन नियम भांडले तर कोणाचं ऐकायचं? ते जरा थांबले आणि म्हणाले, "लाईन थांबत असेल तर लाईनचं ऐकायचं. लाईन थांबत नसेल तर ड्रायव्हरचं ऐकायचं. भाड्याचं शेवटी." बावीस वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं त्यांना. हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय आता, लाल पेनाने.

गाडीबद्दल रूल इंजिनवाले दादा म्हणाले ते खरं निघालं. ११४ वाक्यांत गाडी १३७ वेळा होती, एकेक ठिकाणी वाहन का फेरी असं काकांना विचारत गेलो आणि १९ ठिकाणी मी जे समजत होतो त्याच्या उलट उत्तर आलं. एकोणीस! सहा वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसतोय.

आता वाक्यं अशी दिसतात:

"ज्या ड्रॉपचा प्रकार अरुंद गेट, त्या ड्रॉपच्या वाहनाची लांबी १७ फूट किंवा कमी असावीच."

"ज्या फेरीचं अंतर ६० किमीपेक्षा कमी, त्या फेरीला शक्यतो हेल्पर नसावा. मोल: २५ किमी."

"बिनची फेरी दर ७ दिवसांनी, सोमवारी, पहिल्या पाळीत असावीच."

मोल हा शब्द काकांनीच सुचवला, मी वेट लिहिलं होतं तर म्हणाले वजनाचा आणि याचा गोंधळ होईल, आपल्याकडे वजन म्हणजे टन. "पर्यंत" पण काढून टाकलं, १० टनांपर्यंत म्हणजे १० चालतात का नाही यावर मी आणि डेव्हलपर पंधरा मिनिटं बोलत होतो, आता "१० टन किंवा कमी" असंच लिहायचं.

दोन ठिकाणी अडकलोय. पहिलं हास्यास्पद वाटेल पण दोन दिवस खाल्ले त्याने. "दुसऱ्या पाळीत" असलेले नियम कधी लागू व्हायचे कधी नाही. डोळ्याला दोन्ही वाक्यं अक्षरशः सारखी. शेवटी कळलं की मी मोबाईलवर टाईप केलं की ऱ्या एका पद्धतीने येतो आणि ऑफिसच्या पीसीवर दुसऱ्या, दिसायला तोच पण आतले कोड वेगळे, आणि मशीन म्हणतं हा शब्द मला माहिती नाही.

दुसरं जास्त गंभीर आहे. नियम आहे, "ज्या ग्राहकाने रविवार नको म्हटलेलं नाही, त्या ग्राहकाला रविवारी ड्रॉप चालेल." गेल्या रविवारी तीन नवीन ग्राहकांकडे गाड्या गेल्या, गेटला कुलूप. त्यांनी नको म्हटलेलं नव्हतं हे खरंच, कारण त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

रूल_इंजिन_बाणेर

ऱ्यासाठी, वाक्य पार्सरकडे जायच्या आधी एक साफसफाईची पायरी घाला. र, हलन्त आणि जोडणारं अदृश्य अक्षर मिळून होणारा एक प्रकार आणि ऱ हे वेगळं अक्षर घेऊन होणारा दुसरा, दोन्ही एकाच रूपात आणा. तिथंच १७ आणि इंग्रजी आकडे पण एक करून टाका, आणि अदृश्य अक्षरं, जास्तीच्या स्पेस काढा. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो.

रविवारचं जरा सविस्तर लिहितो कारण हे भाषेचं नाही, लॉजिकचं आहे. बरीच रूल इंजिनं असं धरून चालतात की जे डेटात नाही ते नाहीच. यादीत नाव नाही म्हणजे ग्राहक नाही, हे ठीक. पण माणसाच्या बोलण्यात "नाही" आणि "माहिती नाही" वेगळं असतं. १९८६ मध्ये कोवाल्स्की आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश नागरिकत्वाचा कायदा लॉजिक प्रोग्राम म्हणून लिहिला होता, तिथंही हा मुद्दा आला, कारण बेवारस सापडलेल्या बाळाबद्दल कायदा म्हणतो उलट सिद्ध होत नाही तोवर त्याच्या आईबापांपैकी एक जण नागरिक किंवा तिथं स्थायिक होता असं धरा. म्हणजे माहिती नसताना काय धरायचं हे कायद्याने स्वतः लिहून ठेवलंय. तुम्हीही तसंच करा. प्रत्येक हो-नाहीच्या गोष्टीला तिसरी किंमत द्या, "विचारलेलं नाही", आणि प्रत्येक नकारार्थी वाक्याला जोडून एक वाक्य सक्तीचं करा, "विचारलेलं नसेल तर" पुढे काय. साच्यात ती ओळ रिकामी राहिली तर वाक्य स्वीकारायचंच नाही.

आणि भांडणाऱ्या नियमांसाठी, ताईंनी पाणिनी सांगितला, मी आमच्या बाजूचं सांगतो. डीएमएन नावाचं डिसिजन टेबलचं, म्हणजे नियम ओळीओळीने तक्त्यात मांडायचं, स्टँडर्ड आहे, ओएमजीचंच, पहिली आवृत्ती २०१५ ची. त्यात प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्यात एक अक्षर लिहावं लागतं, दोन ओळी एकदम लागू झाल्या तर काय करायचं त्याचं. युनिक लिहिलं तर दोन ओळी लागू होणं हीच चूक धरायची. सुरुवातीला सगळीकडे तेच ठेवा, भांडण लपत नाही, समोर येतं, मग काकांना विचारता येतं. डिसेंबरपर्यंत जेवढी भांडणं समोर येतील तेवढं बरं.

हडपसर_डेटा

हे सगळं एआयला का देत नाही? ११४ वाक्यं टाकायची, ते नियम काढून देईल, मी करून बघितलंय चांगलं करतं.

रूल_इंजिन_बाणेर

एका कामाला जरूर द्या. वहीतलं मोकळं वाक्य साच्यात बसवून दाखवायला. पण त्यातून निघालेलं वाक्य मराठी साच्यातच निघू दे, काकांनी वाचू दे, सही करू दे, आणि सॉल्व्हरकडे फक्त साच्यातलं वाक्य जाऊ दे. मोकळ्या वाक्यातून थेट सॉल्व्हरकडे नको. आठ दिवसांचे सात त्याने बरोबर केले तरी रांजणगाव-शिक्रापूरचं मोठे कोणाचे, हे काकांच्या डोक्यात होतं, वाक्यात नव्हतंच, ते एआय तरी कुठून आणणार.

तिसरी_पाळी

मी जे ड्रायव्हरच्या आजारपणाचं लिहिलं होतं त्याचं काय केलं?

चाकण_प्लॅनिंग

दादा, त्याला साचा केलाय. "ड्रायव्हर अमुकला या तारखेपासून या तारखेपर्यंत लांबची फेरी नसावीच. कारण: घरचं." पर्यंत इथे ठेवलाय पण शेवटची तारीख धरून, असं वरच्या पानावर लिहिलंय. कारणात याहून जास्त काही लिहायचं नाही असं काकांनी बजावलंय, पोरांच्या घरच्या गोष्टी सॉफ्टवेअरमध्ये नकोत म्हणाले. आणि हा नियम नाईटवाला पण टाकू शकतो, त्यासाठी साहेबाची परवानगी लागत नाही.

काल पहिल्यांदा मशीनने उलट लिहून दिलेली वाक्यं छापून काकांपुढे ठेवली. चष्मा लावून, बोट ठेवून, मोठ्याने वाचत गेले, एकेक वाक्याला टिक. ४१ व्या वाक्यावर थांबले. "रांजणगावचे सर्व ड्रॉप पहिल्या पाळीत असावेतच." म्हणाले, हे मी सांगितलं होतं? म्हटलं हो, वहीत आहे. म्हणाले, तेव्हा तिथला रस्ता खोदला होता म्हणून सांगितलं, आता रस्ता झाला की. खोडलं त्यांनी ते, आणि बाजूला लिहिलं, प्रत्येक नियमापुढे कारण आणि तारीख लिहा.

मी आज सकाळपासून तेच करतोय, ४० व्या वाक्यापर्यंत आलोय, ४० वं झालंय.